पंपाला पाणी कोण देते? : शोषण दाब आणि कॅव्हिटेशन

प्रस्तावना

दिल्लीच्या दक्षिणेस, यमुनेच्या पश्चिमेकडे, फरीदाबाद हे हरियाणातील औद्योगिक शहर वसलेले आहे. देशाच्या फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून येथे नवी वसाहत उभी राहिली आणि तिच्या आधाराने कारखाने वाढत गेले. शहराची तहान मुख्यतः जमिनीखालच्या पाण्यावर भागते. काही पाणी यमुनेकाठच्या रॅनी विहिरींतून येते, काही कूपनलिकांतून. देशभरातील भूजलाची पातळी मोजणाऱ्या केंद्रीय भूजल मंडळाचे मुख्यालय, म्हणजे ‘भूजल भवन’, याच शहरात आहे, हाही एक योगायोग म्हणावा लागेल.

अशा शहरात पंप नाही अशी गल्ली सापडणे कठीण. घराच्या टाकीपासून कारखान्याच्या बॉयलरपर्यंत सर्वत्र कोणता ना कोणता पंप चालू असतो आणि तो चालवणारा माणूस त्याच्या आवाजावर कान ठेवून असतो. कधी कधी मोटार व्यवस्थित फिरते, वीज व्यवस्थित येते, तरीही पंप पाणी उचलत नाही. कधी पाणी येते, पण पंपातून खडी फिरवल्यासारखा आवाज येऊ लागतो आणि काही महिन्यांत त्याचा पंखा कुरतडल्यासारखा होतो. दोष बहुधा पंप चालवणाऱ्याच्या माथी मारला जातो. वास्तविक दोष पुष्कळदा पंपातही नसतो आणि चालवणाऱ्यातही नसतो. तो पंपाच्या अलीकडे, पाणी आत येण्याच्या वाटेवर असतो.

या पाठाच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्याला पंपात पाणी कोणत्या बलामुळे येते हे सांगता येईल, एखाद्या ठिकाणी पंप पाण्यापासून किती उंचीवर बसवता येईल याचा साधा हिशेब करता येईल, आणि कॅव्हिटेशन म्हणजे काय, ते कसे ओळखावे व कसे टाळावे याचे स्पष्टीकरण देता येईल.

पंप पाणी ओढतो का?

‘पंप पाणी ओढतो’ असे आपण सहज म्हणतो. दोरी ओढता येते, गाडी ओढता येते. पाण्याला मात्र ओढण्यासाठी पकड नसते. मग विहिरीतील पाणी वर कसे येते? शहाळ्यात नळी घालून पाणी पिताना काय घडते ते पाहावे. पिणारा तोंडाने नळीतील हवा काढून घेतो. नळीच्या आत दाब कमी होतो. शहाळ्याच्या भोकातून आत असलेली बाहेरची हवा मात्र पाण्याच्या पृष्ठभागावर पूर्वीइतकाच दाब देत राहते. हा दाब पाण्याला नळीत वर ढकलतो. शहाळ्याचे भोक नळीभोवती घट्ट बंद केले, तर थोड्या वेळाने कितीही जोर लावला तरी पाणी येईनासे होते. ओढणारा तोच, जोरही तोच. ढकलणारी हवा मात्र अडवली गेलेली असते.

अपकेंद्री पंपाचेही असेच आहे. त्याच्या कवचात एक पंखा वेगाने फिरतो. पाणी त्याच्या मध्यभागातून आत शिरते आणि पात्यांच्या फिरण्याने कडेला फेकले जाते. कडेला दाब वाढतो, मध्यभागी कमी होतो. या कमी दाबाकडे विहिरीतील पाणी हवेच्या दाबाने ढकलले जाते. पंप केवळ जागा रिकामी करून देतो; पाणी आणून देण्याचे काम हवा करते. म्हणूनच कवचात पाण्याऐवजी हवा भरलेली असेल तर पंप निरुपयोगी ठरतो. हवा पाण्याच्या मानाने सुमारे आठशे पटींनी हलकी असल्यामुळे पंखा तिला फेकून पुरेसा कमी दाब निर्माण करू शकत नाही. चालू करण्यापूर्वी पंपात पाणी भरावे लागते ते याचसाठी. ते पाणी खाली निसटू नये म्हणून नळीच्या टोकाला एकाच दिशेने उघडणारी झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, बसवतात. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी या शब्दाचा ‘फुटबॉल’ करून टाकला आहे, आणि दुकानदारालाही तो बरोबर समजतो.

या पंपाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडीचा कारखाना वसवला. लोखंडी नांगरानंतर १९२६ साली तेथे अपकेंद्री पंप तयार होऊ लागले. मोटेने पाणी काढणाऱ्या शेतकऱ्याला हे यंत्र नवे होते. त्याची मर्यादा मात्र जुनीच होती.

दहा मीटरांची मर्यादा

ही मर्यादा प्रथम कारागिरांना कळली, पंडितांना नंतर. इटलीतील गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात एका पंपाची हकिकत दिली आहे. पंप पाणी उचलेना, म्हणून त्याने दुरुस्तीसाठी कारागीर बोलावला. पंपात काही बिघाड नाही, पाणीच फार खाली गेले आहे आणि अठरा हातांपेक्षा अधिक उंचीवर कोणताही पंप पाणी चढवू शकत नाही, असे त्या कारागिराने सांगितले. याचे कारण गॅलिलिओलाही नीट सांगता आले नाही. ते त्याचा शिष्य टॉरिचेली याने १६४३ मध्ये शोधले. एका बाजूने बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून त्याने ती पाऱ्याच्या भांड्यात उपडी धरली. नळीतील पारा सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर येऊन थांबला. बाहेरच्या हवेचा दाब तेवढाच पारा तोलू शकतो, हा त्याचा अर्थ होता. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड असतो. ७६ सेंटिमीटरला १३.६ ने गुणले की सुमारे १०.३ मीटर येतात. हवेचा दाब पाण्याचा एवढाच उंच स्तंभ पेलू शकतो.

समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतशी डोक्यावरची हवा विरळ होत जाते आणि तिचा दाब घटतो. मुंबईत हा दाब पाण्याच्या सुमारे १०.३ मीटर स्तंभाइतका असतो. समुद्रसपाटीपासून अदमासे २०० मीटर उंचीवरील फरीदाबादमध्ये तो १०.१ मीटर, पुण्यात ९.७ मीटरच्या आसपास आणि महाबळेश्वरच्या पठारावर ८.८ मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे मुंबईत जेमतेम चालणारा पंप त्याच मांडणीत महाबळेश्वरला चालेलच असे नाही. पंप तोच असतो, पण त्याला पाणी देणारी हवा तेथे दुबळी असते.

हे आकडेही कागदावरचेच समजावेत. ते प्रत्यक्षात मिळण्यासाठी पंपाच्या तोंडाशी संपूर्ण निर्वात अवस्था लागेल, नळीत घर्षण मुळीच नसावे लागेल आणि पाण्याची वाफही होता कामा नये. व्यवहारात सहा-सात मीटरच्या पुढे पंपाची भिस्त ठेवू नये असे जाणते कारागीर सांगतात, ते यामुळेच.

पाणी खाली जाते तेव्हा

या मर्यादेचा संबंध केवळ यंत्राशी नाही, माणसांच्या जिवाशीही आहे. हरियाणा आणि पंजाबच्या शेतांत एके काळी भूजल इतके वर होते की जमिनीवर ठेवलेल्या पंपाला ते सहज मिळे. उपसा वाढत गेला आणि पाण्याची पातळी खाली गेली. पाणी सात-आठ मीटरच्या खाली गेल्यावर पंप कोरडा फिरू लागला. तेव्हा शेतकऱ्यांनी कूपनलिकेभोवती खड्डा खणून पंपच खाली नेला. पाणी आणखी खाली गेले की खड्डाही आणखी खोल झाला. महाराष्ट्रातील विहिरींत याच कारणाने कठड्याच्या आत मचाण बांधून इंजिन किंवा मोटार खाली बसवली जात असे.

अशा अरुंद व खोल जागेत हवा खेळत नाही. डिझेल इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू तेथे साचतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. पंपाचा पट्टा चढवायला किंवा कवचात पाणी भरायला उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. अशा दुर्घटना अनेक गावांनी पाहिल्या आहेत. कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी पद्धत प्राणवायू अगदीच कमी असेल तर इशारा देते; परंतु कार्बन मोनॉक्साइड असतानाही कंदील जळत राहू शकतो, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. ज्या विहिरीत किंवा खड्ड्यात इंजिन चालले आहे तेथे यंत्राने बाहेरची ताजी हवा पुरेशी सोडल्याशिवाय, कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि वर माणसे उभी केल्याशिवाय उतरू नये. आत कोणी पडला असेल, तर श्वसनाची साधने असलेल्या अग्निशमन दलाला बोलवावे.

पाण्याने भरलेल्या नळीत खाली बुडवलेल्या सबमर्सिबल पंपाने हा खड्डा अनावश्यक केला. हा पंप पाण्याखाली राहतो आणि पाणी वर ढकलतो. ढकलण्याला हवेच्या दाबाची मर्यादा नसते. मोटारीची ताकद आणि नळीची मजबुती असेल तितके पाणी वर जाते.

हातपंपाचा प्रवासही असाच झाला. उत्तर भारतातील घरोघरच्या जुन्या हातपंपांत दट्ट्या जमिनीच्या वर असे. पाणी उथळ होते तोवर त्यांची खडखड अंगणात ऐकू येई. पातळी घसरली आणि ते मुके झाले. महाराष्ट्रातील खडकाळ, दुष्काळी भागात असा पंप पहिल्यापासूनच अपुरा होता. तेथे खोल कूपनलिकांसाठी जालना आणि सोलापूर येथे नव्या रचनेचे मजबूत हातपंप तयार झाले. त्या अनुभवाचा आधार घेऊन १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप घडवण्यात आला आणि पुढे तो जगभर गेला. त्यात दट्ट्या व नळकांडे पाण्याच्या पातळीखाली असतात. वर दिसतो तो फक्त दांडा, साखळी आणि तोटी. गावातील हातपंपावर पाणी भरणाऱ्या बाईला त्याची गरज कधी भासत नाही, पण टॉरिचेलीचा नियम तिच्या पायाखाली तीस-चाळीस मीटरवर टाळलेला असतो.

पाठगत प्रश्न १

(अ) पंप चालू करण्यापूर्वी कवचात पाणी का भरावे लागते?
(आ) ‘आमच्या विहिरीला बारा मीटरवर पाणी आहे, म्हणून जास्त अश्वशक्तीची मोटार घेऊन पंप काठावर बसवू,’ असे एक शेतकरी म्हणतो. त्याला काय सांगाल?

थंड पाण्याला उकळी

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, असे प्राथमिक शाळेत शिकवले जाते. ते समुद्रसपाटीपुरते खरे आहे. पाण्याचे कण प्रत्येक तापमानाला पृष्ठभागातून निसटू पाहतात. बाहेरचा दाब त्यांना आत दाबून धरतो. निसटू पाहणाऱ्या या कणांच्या जोराला बाष्पदाब म्हणतात. ज्या क्षणी बाहेरचा दाब बाष्पदाबापेक्षा कमी होतो, त्या क्षणी पाणी उकळू लागते. मग ते हाताला थंड लागत असले तरीही. ३० अंश तापमानाच्या पाण्याचा बाष्पदाब सुमारे ०.४ मीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. ६० अंशांना तो २.१ मीटर, ८० अंशांना जवळजवळ ५ मीटर होतो आणि १०० अंशांना हवेच्या पूर्ण दाबाइतका, १०.३ मीटर होतो.

पंपाच्या पंख्याच्या मध्यभागी दाब सर्वांत कमी असतो हे वर आलेच आहे. तो दाब बाष्पदाबाच्या खाली गेला तर तेथे पाण्याचे बुडबुडे होऊ लागतात. ३० अंशांच्या एक किलोग्रॅम पाण्याची त्याच तापमानाची वाफ झाली तर ती सुमारे ३३ घनमीटर जागा व्यापते, म्हणजे मूळच्या पाण्याच्या तेहतीस हजार पट. थोड्याशा पाण्याची वाफ झाली तरी पंखा पाण्याऐवजी बुडबुड्यांनी भरून जातो आणि पंपाचा प्रवाह घटतो.

परंतु खरी हानी बुडबुडे निर्माण होताना होत नाही, ती ते मिटताना होते. बुडबुडे पाण्याबरोबर वाहत पात्याच्या कडेकडे जातात. तेथे दाब जास्त असतो. बाष्प एकदम पाण्यात परतते आणि बुडबुड्याची पोकळी भरून काढण्यासाठी चहूबाजूंचे पाणी आत कोसळते. पात्याला चिकटलेल्या बुडबुड्यात एका बाजूला धातू असल्यामुळे पाणी दुसऱ्या बाजूने बारीक धारेच्या रूपाने धातूवर आदळते. त्या बिंदूवरचा दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारो पटींपर्यंत जाऊ शकतो. एका बुडबुड्याने काही बिघडत नाही. सेकंदाला असंख्य बुडबुडे, आणि तेही दिवसरात्र फुटत राहिले की ओतीव लोखंडाचा पंखा मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र होतो. पोकळ्या निर्माण होऊन मिटण्याच्या या क्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात.

हा शब्द पंपांच्या नव्हे, जहाजांच्या कारखान्यात जन्मला. १८९४ च्या सुमारास ब्रिटिश आरमाराच्या ‘डेअरिंग’ या विनाशिकेला अपेक्षित वेग येईना. तिच्या पंख्याभोवती पोकळ्या होत असल्याचे अभियंत्यांच्या ध्यानात आले. चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या नौकेचीही तीच अडचण झाली. त्यांनी काचेची खिडकी असलेली छोटी टाकी बांधून फिरत्या पंख्याभोवतीच्या पोकळ्या डोळ्यांनी पाहिल्या, मग एका पंख्याऐवजी तीन दांड्यांवर मिळून नऊ पंखे लावले, आणि १८९७ साली ती नौका ताशी ३४ सागरी मैलांहून अधिक वेगाने धावली. बुडबुडा मिटताना किती दाब निर्माण होतो याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडले. हे बळ किती असू शकते याची कल्पना अमेरिकेतील ग्लेन कॅन्यन धरणावर १९८३ साली आली. पुराचे पाणी सोडणाऱ्या बोगद्यात कॅव्हिटेशनने काँक्रीटचे अस्तर फोडले आणि त्यानंतर वेगवान पाण्याने खालच्या खडकात सुमारे दहा मीटर खोल खड्डा पाडला.

हिशेब

आता फरीदाबादमधील कापड रंगवणाऱ्या एखाद्या कारखान्याची कल्पना करावी. जमिनीखालच्या टाकीतून पंप पाणी उचलतो. पंपाचा मध्य पाण्याच्या पातळीपासून ४ मीटर उंच आहे. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत, बाकांत व फूटव्हॉल्व्हमध्ये घर्षणाने १.२ मीटर दाब खर्च होतो. पाणी ३० अंशांचे आहे.

हवेचा दाब ही पंपाची मिळकत धरली तर बाकीचे सर्व खर्च आहेत. १०.१ मीटरमधून उंचीचे ४ मीटर वजा केले, घर्षणाचे १.२ वजा केले आणि बाष्पदाबाचे ०.४ वजा केले, की शिल्लक ४.५ मीटर राहते. या शिलकीला अभियंते ‘उपलब्ध एन.पी.एस.एच.’ म्हणतात. पंखा पाणी आत घेताना स्वतः काही दाब खर्च करतो. तो कारखानदार चाचणी करून ठरवतो आणि पंपाच्या माहितीपत्रकात ‘आवश्यक एन.पी.एस.एच.’ म्हणून देतो. या पंपाला ३ मीटर लागतात असे समजू. शिल्लक ४.५, गरज ३. पंप सुखाने चालेल. शिल्लक गरजेपेक्षा किमान अर्धा ते एक मीटर जास्त असावी, कारण माहितीपत्रकातील आकडा ज्या चाचणीवर बेतलेला असतो तीत पंपाचे हेड तीन टक्के घसरलेले असते, म्हणजे कॅव्हिटेशन आधीच सुरू झालेले असते.

काही दिवसांनी त्याच टाकीत कपडे धुतलेले ६० अंशांचे पाणी परत सोडायचे ठरते. इंधन वाचवण्याचा हा विचार चांगला आहे. पण आता बाष्पदाब ०.४ ऐवजी २.१ मीटर झाला. १०.१ मधून ४, १.२ आणि २.१ वजा जाता उरतात २.८. गरज ३ ची होती. पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज येऊ लागतो. पंप तोच, मोटार तीच, नळी तीच. फक्त पाणी गरम झाले.

पाणी थंडच राहिले आणि नळीच्या टोकाच्या जाळीत सूत व गाळ अडकला, तरी परिणाम तोच होतो. घर्षणाचा खर्च १.२ वरून ३ मीटरवर गेला तर शिल्लक २.७ राहील.

बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाची टाकी उंचावर का ठेवतात, हेही आता उलगडेल. उघड्या टाकीतील उकळत्या पाण्याचा बाष्पदाब हवेच्या दाबाइतकाच असल्यामुळे दोन्ही एकमेकांना छेदून जातात आणि मिळकत शून्यावर येते. अशा पाण्याला पंपात शिरवण्यासाठी त्याचे स्वतःचे वजनच उपयोगी पडते. म्हणून टाकी पंपाच्या डोक्यावर काही मीटर चढवावी लागते. जागा वाचवण्यासाठी ती टाकी खाली आणण्याची सूचना कोणी केली, तर तिला नम्रपणे विरोध करणे पंपचालकाचे कर्तव्य आहे.

दोष ओळखणे

आवाज ऐकून कॅव्हिटेशनची शंका घ्यावी. निर्णय मात्र मोजून घ्यावा. शोषण नळीवर, पंपाच्या तोंडाजवळ, निर्वात मोजणारे दाबमापक बसवले तर काम सोपे होते. त्याचे आकडे पुष्कळदा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतात. १०० मिलिमीटर म्हणजे पाण्याचे १.३६ मीटर. वरील पंप निरोगी असताना काटा ३८० च्या आसपास दाखवील, म्हणजे अदमासे ५.२ मीटर. त्यातून उंचीचे ४ वजा केले की घर्षणाचे १.२ उरतात. काटा ५१५ वर गेला तर ७ मीटर झाले. उंची तर बदललेली नाही, तेव्हा वाढलेले सर्व घर्षण जाळीत किंवा अर्धवट उघडलेल्या झडपेत शोधावे.

याउलट पंप पाणी सोडतो आहे आणि काटा नेहमीपेक्षा खालीच आहे, असे दिसले तर वाट अडलेली नसून नळी बाहेरची हवा घेत असण्याचा संभव असतो. दाब देणाऱ्या नळीची गळती पाणी सांडून स्वतःच कबुली देते. शोषण नळीची गळती मात्र कोरडी असते, कारण तेथे पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. सांध्यांवर साबणाचा दाट फेस लावावा. जेथे फेस आत खेचला जाईल तेथे छिद्र आहे. पंपाच्या ग्लँडमधूनही हवा शिरते, म्हणून तेही तपासावे.

उपाय करताना घाईने उलटा मार्ग धरला जातो. पाणी कमी येते म्हणून मोठा पंप आणला, तर प्रवाह वाढतो. प्रवाह दुप्पट झाला की त्याच नळीतील घर्षण सुमारे चौपट होते, आणि जास्त प्रवाहाला पंख्याची गरजही वाढते. मिळकत तीच आणि खर्च वाढलेला, असे होते. आवाज थांबावा म्हणून शोषण बाजूची झडप आवळणे तर गळा दाबून खोकला थांबवण्यासारखे आहे. तात्पुरता उपाय हवा असेल तर बाहेर जाणाऱ्या बाजूची झडप थोडी बंद करावी. प्रवाह कमी होतो, घर्षण आणि गरज दोन्ही उतरतात, आवाज निवतो. त्याची किंमत अर्थातच कमी पाण्याच्या रूपाने द्यावी लागते.

कायमचा उपाय बहुधा नळीत असतो. ७५ मिलिमीटर व्यासाच्या जागी १०० मिलिमीटरची नळी घातली तर तेवढ्याच प्रवाहाला घर्षण एक चतुर्थांशाहूनही कमी लागते. नळी आखूड व सरळ असावी, पंपाकडे सतत थोडी चढती असावी, आणि पंपाच्या तोंडाशी व्यास कमी करणारा जोड वरच्या बाजूने सपाट असावा, नाहीतर तेथे हवेचा फुगा धरतो. पंप खाली घेणे किंवा पाण्याची पातळी वर राखणे हेही तितकेच परिणामकारक आहे. जुना पंखा बदलून नवा घातला आणि बाकी सर्व तसेच ठेवले, तर नवा पंखाही त्याच वाटेने जातो. अनेक कारखान्यांत दर वर्षी पंख्याचे बिल भरले जाते आणि नळीकडे कोणी पाहत नाही.

पाठगत प्रश्न १ ची उत्तरे

(अ) हवा हलकी असल्यामुळे पंखा तिला फेकून मध्यभागी पुरेसा कमी दाब निर्माण करू शकत नाही, म्हणून. (आ) मोटार कितीही मोठी असली तरी हवेचा दाब पाण्याला १०.३ मीटरपेक्षा वर ढकलू शकत नाही. पंप पाण्याजवळ न्यावा लागेल किंवा सबमर्सिबल पंप घ्यावा लागेल.

पाठान्त प्रश्न

१. महाबळेश्वर येथे एक पंप ३० अंशांच्या पाण्यापासून ४.५ मीटर उंचीवर बसवला आहे. नळीतील घर्षण १ मीटर आहे आणि पंपाची आवश्यक एन.पी.एस.एच. ३ मीटर आहे. हा पंप तेथे नीट चालेल का? हीच मांडणी मुंबईत केली तर काय होईल?

२. एका पंपाच्या शोषण बाजूचा काटा नेहमी ३०० मिलिमीटर दाखवतो. आज तो ४५० दाखवतो आणि पंपातून आवाज येतो. टाकीतील पाण्याची पातळी बदललेली नाही. दोष कोठे शोधाल व का, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

३. तुमच्या घराजवळील, शेतातील किंवा कामाच्या ठिकाणच्या एका पंपाची पाण्यापासूनची उंची, नळीचा व्यास, नळीची लांबी आणि बाकांची संख्या नोंदवा. ही नोंद उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा घ्या, आणि दोन्ही वेळी पाण्याची पातळी किती बदलली ते लिहून ठेवा. नोंद घेताना विहिरीत उतरू नका. दोरीला वजन बांधून मापन करा.